हळद साहेबांची, चुना माझा

टिपणीस साहेबांनी उभ्या आयुष्यात एक चित्र काढलं नाही. बॅकग्राउंड काढल्या. लोखंडी कपाटाचे तीन कप्पे भरून नुसत्या बॅकग्राउंड. त्यात डोंगर नाही, झाड नाही, माणूस तर नाहीच. कुणी विचारलं, "साहेब, ह्याच्यावर पुढे काय काढणार?" की ते चष्मा कपाळावर सरकवायचे आणि म्हणायचे, "आधी मागचं तर जमू दे." मागचं जमवण्यात सहा वर्षं गेली. पुढचं आलंच नाही.

आमची बिल्डिंग बदलापूरला, बेलवलीत. पहिल्या मजल्यावर माझ्या मुलाचा ब्लॉक, आणि समोरचा दरवाजा साहेबांचा. ते अंबरनाथच्या एका पंख्याच्या कारखान्यात क्वालिटीला होते. पात्यावर एक ओरखडा, रंगाचा एक फुगा, एक ओघळ दिसला की निळ्या पेन्सिलीने फुली. त्यांच्या फुलीपुढे मालकाचं चालायचं नाही म्हणतात. असा माणूस रिटायर झाला आणि दुसऱ्या महिन्यापासून कोऱ्या कागदावर मुद्दाम ओघळ सोडायला लागला, मुद्दाम फुगे आणायला लागला, मुद्दाम डाग पाडायला लागला. मी एकदा तोंडावर बोललो. तर म्हणाले, "ओघळ तोच आहे, केरबा. माझी फक्त बाजू बदलली."

मी स्वतः उल्हासनगरला, कॅम्प तीनमध्ये, एका शेठच्या जीन्सच्या धुलाईत बत्तीस वर्षं काढली. कोरी पँट हलक्या भोकाभोकाच्या दगडांबरोबर मशीनमध्ये फिरवायची आणि जुनी करून बाहेर काढायची, हे आमचं काम. शाळा म्हणाल तर चौथी, तीही नापास. पण रंगाचं मला कोणी शिकवू नये. कुठला रंग कशाने बसतो आणि कशाने उठतो ते माझ्या नखांना माहीत आहे.

साहेबांची ओळख मिठावरून झाली. एका दुपारी स्टीलची वाटी घेऊन दारात उभे. आमच्या सूनबाईला म्हणाले, "वाटीभर जाडं मीठ मिळेल का? बारीक नको." तिने दिलं. तिसऱ्या दिवशी परत वाटी. चौथ्या दिवशी मीच दारात जाऊन बसलो.

"साहेब, लोणचं किती घालताय?"

"लोणचं नाही हो. बघायचंय? या."

बाल्कनीत टेबल, टेबलावर कागद, कागदावर ओला निळा रंग. साहेब वाटीतून एकेक खडा उचलून, अक्षता टाकाव्यात तसा वरून सोडत होते. खडा पडला की थोडा वेळ काही नाही. मग त्याच्याभोवतीचा निळा रंग हळूहळू मागे सरकायचा आणि एक पांढरट फूल उमलायचं. दिसायला चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण चूक ती चूक.

"मीठ चुकीचं वापरताय," मी म्हणालो. "मीठ रंग धरतं. नवं लुगडं पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात का बुडवतात?"

"धरत नाही, ढकलतं. डोळ्यांनी बघा ना."

"डोळ्यांनी काय बघायचंय? मी हातांनी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी मी सूनबाईच्या लाल ब्लाउजपीसचे दोन तुकडे केले, न विचारता. एक मिठाच्या पाण्यात, एक साध्या पाण्यात. मिठातल्याने रंग सोडला नाही, साध्यातल्याने पाणी गुलाबी केलं. मी दोन्ही बादल्या नेऊन साहेबांच्या बाल्कनीत ठेवल्या. त्यांनी त्यांचा कागद माझ्या नाकासमोर धरला. कागदावर मिठाने रंग ढकललेला, कापडावर मिठाने रंग धरलेला. आता दोघांपैकी कुणी आधी बोलायचं? अर्धा तास मी बादल्यांकडे बोट दाखवत होतो, ते कागदाकडे. शेवटी वहिनी, म्हणजे साहेबांची बायको, चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मीठ बिचारं दोघांचंही ऐकतंय. तुम्ही कुणाचं ऐकता का?"

चहा पिऊन झाल्यावर साहेबांनी तो कागद उलटा केला आणि मागे निळ्या पेन्सिलीने लिहिलं: "जाडं मीठ. फुलं बरी. मधलं फूल आगाऊ. नापास."

ही त्यांची कायमची सवय. प्रत्येक कागदाच्या पाठीवर माल, दोष आणि निकाल. "पिंपळाचं पान. शीर तुटलेली. नापास." "कांद्याची साल. वास राहिला. नापास." "नारळाची शेंडी. रंग दाढीसारखा दिसतो. नापास." तीन कप्पे भरून नापास. मला तो शब्द लहानपणापासून टोचतो म्हणून मी एकदा विचारलं, "साहेब, एक तरी पोरगं वर घाला की." ते गंभीर होऊन म्हणाले, "केरबा, एक चुकीचं पातं पास केलं तर कुणाच्या तरी डोक्यावर फिरतं." मी म्हणालो, "कागद डोक्यावर पडून कोण मेलंय?" त्याला उत्तर नव्हतं म्हणून त्यांनी मला एक लिमलेटची गोळी दिली. उत्तर नसलं की ते गोळी द्यायचे. माझ्याकडे वर्षाला एक बरणी साठायची.

वहिनी बालवाडीत शिकवायच्या. त्यामुळे अक्षर मोठं, गोल, मला चष्म्याशिवाय वाचता येईल असं. साहेबांच्या प्रयोगांपासून स्वयंपाकघर वाचवायला त्यांनी डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. "मीठ. खाण्याचं." "तांदूळ. माणसांचे." "चहा. पिण्याचा." ही शेवटची चिठ्ठी सोसायटीचे सेक्रेटरी चौधरी घरी येऊन गेले त्यानंतरची. साहेब उकळलेली चहापूड वाळवून दुसऱ्या डब्यात ठेवायचे, ओल्या रंगावर भुरभुरायला. वहिनींनी घाईत तो डबा उघडला. चौधरींनी दोन घोट घेतले, कपात वाकून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी, शुगरवाल्यांचा चहा वेगळा असतो का? मला शुगर नाही अजून." साहेब आनंदाने म्हणाले, "ही तिसऱ्यांदा उकळलेली. रंग कसा आला?" चौधरी म्हणाले, "आला नाही साहेब." साहेबांनी ते कागदाच्या पाठीवर लिहून ठेवलं.

घरात वहिनींचा एकच कायदा होता. हॉलच्या मोठ्या भिंतीवर एक खिळा होता, जुन्या घड्याळाचा. घड्याळ गेलं, खिळा राहिला. वहिनी म्हणायच्या, "ह्या सगळ्यातून भिंतीला लावण्यासारखं एक निघू दे, त्या दिवशी त्या खिळ्याला लावा. तोवर कपाटात." साहेब वाद घालायचे नाहीत. मात्र रोज सकाळी फडका घेऊन तो खिळा पुसायचे. टीव्ही पुसायचे नाहीत, खिळा पुसायचे. लोक म्हणायचे ह्या माणसाला कसली हाव नाही. होती. त्या खिळ्याची होती.

एका पावसाळ्यात नदी फुगली आणि मांजर्लीच्या खालच्या घरांत पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी साहेब गमबूट घालून, हातात कफ सिरपची रिकामी बाटली घेऊन निघाले. मला म्हणाले, "नदीचा गाळ. इतका बारीक गाळ विकत मिळत नाही." मी सोबत गेलो, कारण एकट्या माणसाला असल्या वेळी असं काही करताना लोकांनी पकडलं तर मारतात.

एका घरासमोर बाई फावड्याने चिखल बाहेर ओढत होती. गाद्या, पोरांची दप्तरं, देवाचा पाट, सगळं रस्त्यावर. साहेब वाकून चमच्याने बाटलीत गाळ भरायला लागले. बाई बघत राहिली. मग म्हणाली, "काका, बाटली कशाला? टेम्पो आणा. आतल्या खोलीत अजून आहे, तो पण न्या."

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी बाटली खिशात घातली, बाईच्या हातातलं फावडं घेतलं आणि दुपारपर्यंत ते घर उपसलं. मीही उपसलं, दुसरं काय करणार? जेवणाच्या वेळेला ती बाई म्हणाली, "आता न्या बाटली भरून, लाजू नका." साहेबांनी भरली. घरी येऊन त्या गाळाचा हात कागदावर दिला. वाळल्यावर त्याला बारीक बारीक भेगा पडल्या, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. मला तो कागद फार आवडला. पाठीवर लिहिलं होतं: "गाळ, मांजर्ली. भेगा उत्तम. हा माल मिळावा अशी इच्छा करू नये. नापास."

मग आली सोसायटीच्या गणपतीची गोष्ट. चौधरी मीटिंगमध्ये म्हणाले, "ह्या वर्षी थर्माकोल एकदम बंद. सगळं इको-फ्रेंडली. मागचा पडदा टिपणीस साहेब करतील. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दिलेत."

साहेब घरी आले ते रिटायर झाल्यापासून पहिल्यांदा शिट्टी वाजवत. मला म्हणाले, "केरबा, आता पुढे काय काढणार हा प्रश्नच मिटला. पुढे साक्षात बाप्पा. आपल्याकडे फक्त मागचं." वहिनी आतून म्हणाल्या, "जमलं तर खिळा तुमचा." त्यानंतर साहेब पंधरा दिवस नीट जेवले नाहीत.

बारा मोठे कागद. खाली कांद्याच्या सालीचा तपकिरी, मध्ये चहाचा, त्यात मिठाची फुलं, आणि वर सगळीकडे पिवळा. त्या पिवळ्याचं गुपित त्यांनी मलाही सांगितलं नाही. मी विचारलं, "रंग कशाचा?" तर लिमलेटची गोळी.

आता माझ्या बाजूचं सांगतो. गणपती बसायचा तो पार्किंगचा कोपरा, तिथली भिंत कळकट. कमिटीने ठरवलं, प्लॅस्टिक पेंट लावू. मी म्हणालो चुना. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो, आमच्या गावच्या देवळाला चुनाच होता. चौधरी म्हणाले, "काका, पेंट ठरलाय." मी म्हणालो, "ठरू दे." आणि दोन दिवस आधी, कमिटी कामावर गेलेली असताना, पिंपात चुना भिजवून दोन हात मारून मोकळा झालो. भिंत दुधासारखी दिसत होती. संध्याकाळी चौधरींनी बघितलं, कपाळाला हात लावला आणि गेले. आदल्या दिवशी संध्याकाळी साहेबांनी आणि मी मैद्याची खळ शिजवून ते बाराही कागद त्या भिंतीवर चिकटवले. खळ भरपूर लावा, असं मीच म्हणालो. खालून वर पिवळं होत गेलेलं ते सगळं इतकं छान दिसत होतं की वहिनी पाच मिनिटं कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. साहेब त्यांच्याकडेच बघत होते.

सकाळी सात वाजता चौधरी माझ्या दारात.

"काका, चला. लोचा झालाय."

खाली गेलो. पिवळं कुठे होतं ते शोधावं लागत होतं. वरच्या सगळ्या कागदांवर लाल डाग. कुठे विटकरी, कुठे गडद, मधोमध तर परातीएवढा एक गोळा, आणि त्याच्यातून खाली ओघळ. गुरुजी दहा वाजता येणार. फोटो ग्रुपवर गेलेला, दुसऱ्या मजल्यावरच्यांनी लिहिलेलं, "रक्तासारखं दिसतंय, बरोबर वाटत नाही." कुणीतरी अपशकुन असंही म्हणालं. चौधरी फोनवर उल्हासनगरच्या फ्लेक्सवाल्याशी बोलत होते, "भाई, अर्जंट. हिमालय है क्या? नहीं तो धबधबा भी चलेगा."

साहेब भिंतीसमोर उभे होते. खिशात निळी पेन्सिल, हात मागे बांधलेले. सगळ्यांना म्हणाले, "चूक माझी. माल न तपासता लावला." एवढंच. ज्या माणसाने तीस वर्षं दुसऱ्यांच्या पात्यांवर फुल्या मारल्या तो स्वतःवर फुली मारून उभा होता. वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या.

मी हळूच विचारलं, "साहेब, पिवळा कशाचा?"

"हळद," ते पुटपुटले. "त्या डब्यावर चिठ्ठी नव्हती."

मला तर बघताक्षणीच कळायला हवं होतं. शर्टावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, हे कुठल्याही घरात माहीत असतं. आणि साबणापेक्षा चुना कितीतरी तेज. ओल्या खळीने रात्रभर भिंतीतला चुना ओढून कागदाच्या पोटात घातला होता. पंधरा दिवसांच्या साहेबांच्या कष्टाला माझे दोन हात लागले होते.

आता मी गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. चुन्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. आणि मी कबूल करणाऱ्यांतला नाही. धुलाईत एकदा शेठच्या साठ पँटी माझ्या हातून पांढऱ्याफटक झाल्या, तेव्हाही मी शेठला सांगितलं होतं, "साईं, ही नवी फॅशन आहे." आणि त्या खपल्या होत्या. पण साहेब ज्या तऱ्हेने वहिनींकडे बघायचं टाळत होते, ते मला बघवेना.

"थांबवा तो हिमालय," मी म्हणालो. "हळद साहेबांची आहे, चुना माझा आहे. तुम्ही पेंट सांगितला होता, मी ऐकलं नाही. हळदीला चुना लागला की ती लाल होणार. चूक माझी आहे."

भिंत लाल झाल्याचं लोकांना जेवढं आश्चर्य वाटलं नव्हतं तेवढं ह्याचं वाटलं. आमच्या सूनबाईने फोटो काढता काढता मोबाईल खाली घेतला आणि शेजारणीला म्हणाली, "हे आमचेच ना?"

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या म्हात्रेकाकू पुढे आल्या. सत्तरीच्या बाई, ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या शेतकरी घरातल्या. भिंतीजवळ जाऊन त्यांनी तो लाल गोळा बोटाने चोळला, बोट बघितलं.

"हळद आणि चुना," त्या म्हणाल्या. "मग हे कुंकूच झालं की रे. आमची आजी घरी असंच करायची. देवाच्या मागं कुंकू आलं तर तुम्हाला त्याचं काय वावडं?" आणि ते बोट त्यांनी सरळ स्वतःच्या कपाळाला लावलं.

मग काय, रांग लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या "रक्तासारखं" वाल्या बाईसुद्धा बोट लावून गेल्या. चौधरी फोनमध्ये म्हणाले, "भाई, हिमालय रहने दो." दहाला मूर्ती बसली. तो परातीएवढा गोळा बरोबर बाप्पाच्या मुकुटामागे आला, उगवत्या सूर्यासारखा. शेजारच्या सोसायट्यांतली माणसं बघायला आली. सगळ्यांना चौधरी सांगायचे, "आपलाच कन्सेप्ट. नॅचरल."

पाच दिवस साहेब सकाळ-संध्याकाळ हात मागे बांधून त्या गोळ्यासमोर उभे. विसर्जनाच्या दिवशी मी म्हणालो, "आता तरी पास करा."

"कसं करू? हे ठरवून झालेलं नाही. जो माल परत तसाच काढता येत नाही तो पास करता येत नाही."

"मग काढून बघू परत."

बघितलं. साहेबांनी बाल्कनीच्या भिंतीला चुना मारायला लावला, मी मारला. हळद लावली, खळ लावली. एकदा जांभळट आलं, एकदा शेणासारखं आलं, एकदा भिंतीचा पोपडाच हातात आला. तो पहिला लाल काही केल्या परत आला नाही. गणपतीच्या भिंतीवरचा मधला कागद मी दाढीच्या ब्लेडने जपून सोडवला होता. साहेबांनी तो हार्डबोर्डवर चिकटवला आणि मागे लिहिलं: "हळद, टिपणीस. चुना, केरबा. डाग अनपेक्षित. बघत राहावंसं वाटतं. निकाल राखून." निकाल राखला म्हणून खिळाही रिकामाच राहिला. साहेब सकाळी फडका मारत राहिले, पण पहिल्यासारखा जोर नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. गुडघे दुखत होते, इथे बघणारं कोणी नव्हतं. सामानाचा टेम्पो सकाळीच पुढे गेला, गाडी मागून निघायची होती. साहेब आमच्या दारात आले, हातात तीच स्टीलची वाटी, शिगोशीग जाड्या मिठाने भरलेली.

"हे तुमचं परत. दोन-चार खडे निळे असतील, ते आमटीत घालू नका."

मी म्हणालो, "साहेब, मीठ रंग धरतं."

"ढकलतं," ते म्हणाले, आणि मला गोळी दिली.

मी त्यांच्या रिकाम्या हॉलमध्ये डोकावलो. मोठ्या भिंतीवर खिळा नव्हता. नुसतं भोक. हमालांनी काढला असेल असं मला वाटलं.

खाली आलो तर गाडीत वहिनी मागच्या सीटवर बसल्या होत्या, मांडीवर तो हार्डबोर्ड उभा धरलेला. मुलगा म्हणत होता, "आई, डिकीत ठेवू ना. पुण्यापर्यंत कशाला धरून बसतेस?"

"नको. हा माझ्याजवळ राहू दे. ह्यांच्या हातात दिला तर लोणावळा येईपर्यंत त्यावर काहीतरी शिंपडतील." मग पर्स चाचपत म्हणाल्या, "आणि खिळा मी घेतलाय. तिकडे नवीन शोधत बसायला नको."

साहेबांनी बहुतेक ते ऐकलंच नाही. ते पुढच्या सीटवर बसून काचेतून आमच्या कम्पाउंडची भिंत बघत होते. तिथे पाइप गळून एक हिरवट ओल आली होती. त्यांचं बोट काचेवर त्या ओलीच्या कडेकडेने फिरत होतं.

गाडी गेटमधून वळली. चित्राची बाजू वहिनींनी स्वतःकडे धरली होती, त्यामुळे काचेतून मला बोर्डाची पाठ दिसली. निळ्या पेन्सिलीतलं "निकाल राखून" एका सरळ रेघेने खोडलं होतं. त्याखाली, डब्यांवरच्या चिठ्ठ्यांसारख्याच मोठ्या, गोल अक्षरांत एक शब्द होता. चष्मा माझा घरात होता, तरी मला तो वाचता आला.

पास.